स्टार प्लेअर नसलेल्याला कोच म्हणून कोण विचारणार?

कोल्हापूरच्या एका मुलाचं पत्र आलंय. बीकॉम सेकंड इयर, तालमीच्या फुटबॉल टीमकडून मिडफिल्डला खेळतो, स्टेट ट्रायल्समधून दोनदा बाहेर. "सर, कोच व्हायचंय, पण मी काही मोठा प्लेअर नाही, बाबा म्हणतात बँकेच्या परीक्षा दे."

अरे, हाजिमे मोरियासू या जपानी फुटबॉल कोचचं नाव ऐकलंयस का? नागासाकीत वाढलेला पोरगा, 1987 ला माझदा कंपनीच्या टीममध्ये लागला, तीच पुढे सानफ्रेचे हिरोशिमा हा क्लब झाली. खेळायचा डिफेन्सिव्ह मिडफिल्डला, म्हणजे घाम गाळायचा यानं आणि फोटो दुसऱ्याचा. जपानकडून 35 मॅच, गोल फक्त 1. आता 35 मॅच म्हणजे काही कमी नाहीत, तुझ्यामाझ्यापेक्षा लयच पुढचा, पण स्टार नव्हता एवढंच सांगतोय. 1993 ला दोहात इराकविरुद्ध जपान 2-1 ने पुढे होता, अगदी शेवटी कॉर्नरवरून गोल खाल्ला आणि वर्ल्डकपचं तिकीट गेलं, तेव्हा हा मैदानातच होता.

2003 ला खेळणं थांबवलं आणि हिरोशिमाचा मुख्य कोच झाला थेट 2012 ला. मधली नऊ वर्षं ज्युनियर पोरं, असिस्टंटगिरी, हेच. मग मात्र 2012, 2013, 2015, तीनदा जपानची लीग जिंकली, आणि 2018 ला जपानची नॅशनल टीम हातात आली.

2022 च्या वर्ल्डकपची जपान-जर्मनी मॅच परत बघ, पण बॉलकडे नको, बेंचकडे बघ. हाफटाइमला 0-1, यानं कुबो या अटॅकवाल्याला काढून तोमियासू हा डिफेंडर आणला आणि मागे तीन डिफेंडर केले, आपल्याकडे पब्लिकनं शिव्याच घातल्या असत्या, मागे पडलोय आणि हा डिफेंडर आणतोय! मग एकेक करून अटॅकवाले सोडले, दोआननं 75 व्या मिनिटाला, असानोनं 83 व्या मिनिटाला गोल मारला, दोघंही बदली खेळाडू. मॅच वाचणं म्हणजे हेच, आणि मिडफिल्डवाल्याला ती सवय आपोआप लागते. पुढच्याच मॅचला कोस्टा रिकाकडून हरला, तेही बघ.

आता तुझं. एआयएफएफ, म्हणजे भारतीय फुटबॉल महासंघाच्या कोचिंगच्या डी लायसन्सच्या कोर्सवर लक्ष ठेव, तिथून सी, बी, ए अशी शिडी आहे, आणि पैसे सुरुवातीला फार नाहीत, बाबांची काळजी चुकीची नाही. म्हणून बीकॉम सोडू नकोस, एनआयएस, म्हणजे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या कोचिंग डिप्लोमालाही साधारण ग्रॅज्युएशन लागतं. तालमीत बारा-तेरा वर्षांची पोरं येत असतील ना, रविवारी सकाळी दोन तास ती घे. एक वही कर, कुणाला कधी बदललं आणि का ते लिही, दोन महिन्यांनी ती घेऊन भेटायला ये, बाबांनाही आण.