दर उन्हाळ्यात एसीचा गॅस का संपतो?

प्रश्न : ऐरोलीत खाडीच्या बाजूला राहतो. दीड टनाचा आर-32 गॅसचा इन्व्हर्टर एसी चार वर्षांचा आहे. दोन वर्षं झाली, मार्च आला की मेकॅनिक गॅस भरून जातो. आता म्हणतो, कॉइल बदला नाहीतर नवा घ्या. दोष हवेचा की एसीचा? आणि नवा घेताना पर्यावरणाच्या दृष्टीने काय बघावं?

उत्तर : दोष दोघांचाही. पण आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. एसीतला गॅस वापराने संपत नाही. बंद नळ्यांतून तोच फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता नवा भरला तर तोही हवेतच जाणार.

ही गळती किरकोळ नाही. तुमच्या एसीत साधारण 800 ग्रॅम ते 1 किलो गॅस असतो. आर-32 वातावरण तापवतो कार्बन डायऑक्साइडच्या 675 पट. म्हणजे 900 ग्रॅम उडाला की सुमारे 600 किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं झालं. एक युनिट वीज बनवताना 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो असं धरलं, तर हा आकडा साडेआठशे युनिट विजेच्या बरोबरीचा, आणि फाइव्ह स्टार दीड टनी एसीला 1600 तासांत वीज लागते तीही जवळपास इतकीच. स्टार लेबल मात्र फक्त वीज मोजतं. कॉइल किती वर्षं टिकेल, याबद्दल त्यावर अवाक्षर नसतं. आमच्या मते ही मोठी उणीव आहे.

आता हवा. खाडीच्या चिखलातून आणि नाल्यांतून हायड्रोजन सल्फाइड निघतो, तो तांब्यावर काळा थर धरतो. इनडोअरचं पॅनल उघडून नळ्या काळ्या पडल्यात का बघा. दुसरं कारण घरातच असतं. नवीन प्लायवूड, गोंद, काही क्लीनर यांतून फॉर्मिक आणि अॅसेटिक आम्लाची वाफ सुटते. ओल्या नळीवर ती बसली की तांब्यात वारुळासारखी सूक्ष्म भोकं पडत जातात, डोळ्याला दिसतही नाहीत. 'ब्लू फिन', 'गोल्डन फिन' म्हणून जो लेप मिरवला जातो तो असतो अॅल्युमिनियमच्या पात्यांवर. कॉइलच्या कडेचे यू-बेंड बहुतेक वेळा उघडेच असतात, आणि गळती तिथेच जास्त. खाडीकाठच्या शहरात माल विकायचा तर हे बेंड कारखान्यातच झाकून द्यायला हवेत.

दुरुस्तीत क्रम चुकवू नका. आधी इनडोअर आणि आउटडोअरचे फ्लेअर नट (नळ्या जोडणारे नट) साबणाच्या पाण्याने तपासा. गळती तिथे निघाली तर फ्लेअर, म्हणजे नळीचं पसरट तोंड, नव्याने पाडून स्वस्तात काम होतं. नाहीतर उरलेला गॅस सिलिंडरमध्ये काढून घ्या (हवेत सोडू देऊ नका), मग नायट्रोजनने 300 ते 400 पीएसआय दाब भरून रात्रभर ठेवा, दाब उतरतो का ते बघायला. ऑक्सिजन चुकूनही नको, आतल्या तेलाशी स्फोट होतो. आर-32 पेट घेऊ शकतो, म्हणून नळीत गॅस असताना जोडकामाची ज्योत (टॉर्च) लावायची नाही. शेवटी पंपाने 500 मायक्रॉनपर्यंत (हे उरलेल्या दाबाचं माप) व्हॅक्यूम आणि नेमप्लेटवर लिहिलेलं वजन, काट्यावर मोजून. प्रेशर बघून गॅस भरणं इन्व्हर्टर एसीत फसतं, कारण कॉम्प्रेसरचा वेग बदलला की प्रेशरही बदलतं.

बेंडला भोक पडलं असेल तर ब्रेझिंगचं (धातू वितळवून सांधलेलं) ठिगळ टिकत नाही, बाकीची नळीही तितकीच खाल्लेली असते. कॉम्प्रेसर ठीक असेल तर नवा एसी नको, कॉइलच बदला. पुढेमागे नवा घ्यायची वेळ आली तर कॉइलची वॉरंटी किती वर्षांची, त्यातून 'खारी किंवा सल्फरयुक्त हवा' वगळली आहे का, आणि यू-बेंडला लेप आहे का, हे लेखी घ्या. 'दहा वर्षं वॉरंटी' ही सहसा फक्त कॉम्प्रेसरची असते.

प्रश्न : ठाण्यात घोडबंदर रोडला राहते. जुना फ्रिज भंगारवाल्याला दिला तर चालेल ना?

उत्तर : नको. तो कॉम्प्रेसर काढायला नळी कापतो आणि गॅस तिथेच उडतो. जुन्या फ्रिजच्या प्लेटवर आर-134ए लिहिलेलं असेल तर त्याचा परिणाम 1430 पट, म्हणजे 100 ग्रॅमलाही 143 किलो. भिंतीतला फोमही अनेकदा ओझोनला मारक एचसीएफसी-141बी वापरून केलेला असतो. भारतात हे रसायन 1 जानेवारी 2020पासून बंद झालं. 1 एप्रिल 2023पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. तेव्हा कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून फ्रिज परत द्या, किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदलेल्या रिसायकलरला बोलवा. एक्स्चेंजमध्ये दिलात तर तो पुढे कोणाकडे जातो ते दुकानदाराला विचारा आणि पावती घ्या. नेताना फ्रिज उभाच ठेवायला सांगा आणि मागची जाळी ओढू देऊ नका, नळी तिथेच तुटते.