आई-वडील ऊसतोडीला गेले, मतदार यादीतून नावं गेली: आता काय करायचं?

प्रश्न: वकील साहेब, नमस्कार. मी बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यातली. आई-वडील दरसाल दिवाळीच्या आगेमागे कर्नाटकातल्या कारखान्यावर ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या सुमारास परत येतात. 2024 च्या लोकसभेला दोघांनी गावातच मतदान केलं. त्याच साली नोव्हेंबरातल्या विधानसभेला ते फडात (ऊसतोडीच्या रानात) होते, येता आलं नाही. आता यादी पाहिली तर दोघांच्या नावावर आडवा शिक्का आणि क्रमांकासमोर ‘एस’ असं इंग्रजी अक्षर. बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणतात, घराला कुलूप होतं, शेजारी म्हणाले इथं कुणी राहत नाही. मुकादम (तोडीची टोळी नेणारा) म्हणतो, कारखान्याच्या गावीच नावं टाकू. मी स्वतः छत्रपती संभाजीनगरला हॉस्टेलवर राहून शिकते, मे महिन्यात मला अठरा वर्षं पूर्ण झाली. आई-वडिलांचा हक्क गेला का? आणि मी माझं नाव कुठं टाकू?

उत्तर: ताई, हक्क गेलेला नाही. यादीतून नाव गेलंय, आणि ते परत घालता येतं. पण एक गोष्ट आधीच सांगतो. आईकडं फोटोचं मतदार ओळखपत्र आहे, म्हणून मतदानाच्या दिवशी बघू, असं म्हणून थांबू नका. ओळखपत्रावर फक्त ओळख पटते. मत देता येतं ते यादीत नाव असेल तरच. दर निवडणुकीत कार्ड हातात धरून केंद्रावरून रडत परतणारी माणसं असतात, आणि त्या दिवशी कुठलाही वकील त्यांना काही मिळवून देऊ शकत नाही. जे करायचं ते आत्ता, टोळ्या निघायच्या आत.

त्या ‘एस’ अक्षराचा अर्थ ‘शिफ्टेड’, म्हणजे स्थलांतरित. तुमचे आई-वडील गाव सोडून कायमचे दुसरीकडं राहायला गेले, असं सरकारी कागद म्हणतो. हे वस्तुस्थितीला धरून नाही आणि कायद्यालाही धरून नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1950 च्या कलम 19 प्रमाणे यादीत नाव येण्यासाठी वय अठरा पूर्ण हवं आणि माणूस त्या मतदारसंघातला ‘सर्वसाधारण रहिवासी’ हवा. सर्वसाधारण रहिवासी कोण, ते कलम 20 सांगतं. त्यातलं पोटकलम 1-अ तुमच्या आई-वडिलांसाठीच लिहिलंय असं वाटावं इतकं सरळ आहे: आपल्या राहत्या ठिकाणापासून तात्पुरता दूर गेलेला माणूस केवळ तेवढ्यामुळं तिथला रहिवासी असायचा थांबत नाही. चार-पाच महिने फडावर कोपी (झोपडी) टाकून राहणं हे तात्पुरतं जाणंच आहे. घर गावात, रेशनकार्ड गावात, म्हातारी माणसं गावात, शेताचा तुकडा असेल तर तोही गावात, आणि हंगाम संपला की पाय गावाकडंच वळतात. दाराला कुलूप दिसणं हा घर सोडल्याचा पुरावा होऊच शकत नाही. बीड जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीत कुलपं पाहून नावं काढायची ठरवली तर कित्येक वाड्या-तांडे यादीतून पुसले जातील.

आता नाव काढण्याची रीत. ‘राहत नाही’ म्हणून नाव वगळायचं असेल तर त्या माणसाला आधी म्हणणं मांडायची वाजवी संधी द्यावी लागते. कलम 22 मध्ये ती सक्तीच आहे, आणि निर्णय मतदार नोंदणी अधिकाऱ्याचा असतो, बीएलओचा नव्हे. बीएलओ फक्त पाहणी करून कळवतो. यादीत आधीपासून असलेलं नाव नोटीस आणि सुनावणीशिवाय काढता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये लाल बाबू हुसेन प्रकरणातही स्पष्ट केलंय. अगदी अलीकडं, बिहारमधल्या मतदार यादीच्या सखोल पुनरीक्षणात, म्हणजे फेरतपासणीत, सुमारे 65 लाख नावं प्रारूप यादीत नव्हती, तेव्हा 14 ऑगस्ट 2025 रोजी न्यायालयाने ती नावं कारणांसह जाहीर करायला सांगितलं. तेव्हा नाव का गेलं हे विचारायला संकोच बाळगू नका.

विचारायचं कसं, तेही सांगतो. साध्या कोऱ्या कागदावर, ‘मा. मतदार नोंदणी अधिकारी’ यांच्या नावे, तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेत द्यायचा अर्ज. त्यात आई-वडिलांची नावं, ओळखपत्राचे क्रमांक, यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहा. पुढं एवढंच: ‘आम्ही गावचे कायम रहिवासी असून ऊसतोडणीसाठी तात्पुरते बाहेर जातो. आमची नावे वगळण्यापूर्वी आम्हाला नोटीस मिळाली नाही. नावे कोणत्या अर्जावरून वा अहवालावरून वगळली, त्याची, नोटिशीची आणि आदेशाची प्रत द्यावी.’ दोन प्रती करा. एक द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. शिक्का मिळाल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. आठ-दहा दिवसांत काही मिळालं नाही तर हीच मागणी माहिती अधिकारात टाका. कुणीतरी नमुना 7 (नाव वगळण्यासाठीचा अर्ज) भरून हरकत घेतल्यामुळं नावं गेली असतील तर हरकत घेणाऱ्याचं नावही कळेल. आणि त्या अर्जातलं प्रतिज्ञापन जाणूनबुजून खोटं दिलेलं असेल तर त्याला कलम 31 खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमच्या भागात गावकीच्या राजकारणात विरोधकाच्या घरची नावं उडवण्याचे उद्योग होतात, म्हणून हे लिहिलं. तुमच्या बाबतीत तसं झालंच आहे असं मी म्हणत नाही.

मात्र कागदांची वाट पाहत नाव घालायचं काम लांबवू नका. दोघांसाठी वेगवेगळा नमुना 6, म्हणजे नाव घालण्याचा अर्ज, भरा. ऑनलाइन जमलं तर निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवरून, नाही तर कागदावर भरून बीएलओकडं किंवा तहसीलला. घरच्या माणसांचे अर्ज घरातल्या एकाने नेऊन दिलेले चालतात, त्यामुळं त्यांना मजुरी बुडवून हेलपाटे घालायला लावू नका. सही किंवा अंगठा मात्र त्यांचाच हवा. सोबत फोटो, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा. पत्त्यासाठी आधार, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, गावातल्या घराचं वीजबिल यातलं जे असेल ते जोडा. जुन्या मतदार ओळखपत्राची आणि नाव होतं त्या यादीच्या पानाची प्रतही लावा. आधार दिलं तर काम सोपं होतं, पण ते नाही म्हणून अर्ज नाकारता येत नाही.

अर्ज दिल्यावर बीएलओ घरी पडताळणीला येतो, आणि खरी मेख इथं आहे. अर्ज दिवाळीच्या तोंडावर दिला आणि पडताळणीला माणूस आला तेव्हा पुन्हा दाराला कुलूप, तर जुनंच चक्र परत. म्हणून अर्ज दिल्या दिवशीच बीएलओंना फोन करा, आई-वडील घरी असतील ती वेळ सांगा. बीएलओ बहुतेक गावच्या शाळेतले शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका असतात. त्यांच्याशी वाकड्यात शिरून काही हाती लागत नाही. शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा की पुढच्या वेळी कुणी विचारलं तर ‘राहत नाहीत’ म्हणू नका, ‘तोडीला गेलेत’ म्हणा. नावं जाण्यात आणि राहण्यात अनेकदा एवढ्याच दोन शब्दांचं अंतर असतं.

मुकादमाचं ऐकू नका. तो वाईट हेतूनं सांगतोय असं मी धरत नाही, पण कलम 17 प्रमाणे एका माणसाचं नाव एकाहून जास्त मतदारसंघांत असू शकत नाही. तिकडं नाव टाकायचं म्हणजे आम्ही इथलेच रहिवासी असं लिहून द्यावं लागेल, आणि ते खोटं ठरेल. शिवाय कारखाना दरसाल तोच राहील याची खात्री काय? सर्वांत मोठं नुकसान गावातलं. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद या निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी ठरावीक तारखेला घेऊन गण-गट-प्रभागांत विभागतो. विधानसभेच्या यादीत नाव नाही म्हणजे सरपंचाच्या निवडणुकीतही मत नाही. पाणी, रस्ता, घरकुल ज्या पंचायतीकडं मागायचं तिथलंच मत हातचं घालवायचं?

तुमचं स्वतःचं सोपं आहे. पात्रतेच्या तारखा आता वर्षात चार आहेत: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर. मे महिन्यात अठरा पूर्ण झाल्यामुळं तुम्ही 1 जुलैला पात्र झालात. हॉस्टेलवर राहणाऱ्या विद्यार्थ्याला गावी आई-वडिलांकडं किंवा हॉस्टेलच्या पत्त्यावर, यातली एक जागा निवडता येते. हॉस्टेलचा पत्ता दिला तर कॉलेजच्या प्राचार्यांचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. माझा सल्ला गावाचा. तिघांची नावं एका घरक्रमांकाखाली राहतील, आणि पुढं पडताळणीत घर रिकामं नाही हे तुमच्या नावावरूनही दिसेल.

निवडणूक जाहीर झाल्यावरही अर्ज देता येतो, पण उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या तारखेनंतर त्या निवडणुकीपुरतं नाव येत नाही. मध्ये हरकतींसाठी सात दिवस जातात, म्हणून त्या तारखेच्या किमान दहा दिवस आधी अर्ज पोचला पाहिजे. आज अर्ज दिलात तर या कशाचीच चिंता उरत नाही.

आता मतदानाचं. फडावरून टपालानं मत पाठवता येत नाही. ती सोय सैनिकांना, निवडणूक ड्युटीवरच्या कर्मचाऱ्यांना, 85 वर्षांवरच्या व्यक्तींना, 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना आणि अशाच काही गटांना आहे. स्थलांतरित मजुरांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना आयोगानं 2022 च्या अखेरीस जाहीर केला होता, पण ते यंत्र अजून निवडणुकीत आलेलं नाही. म्हणजे यावंच लागतं. 1951 च्या अधिनियमाचं कलम 135-ब मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी देतं, रोजंदारीवरच्यांनाही देतं. न देणाऱ्या मालकाला दंड किती, तर पाचशे रुपयांपर्यंत. टनावर मजुरी, हिशेब मुकादमाकडं आणि डोक्यावर उचल (आगाऊ घेतलेली रक्कम), अशा जोडप्याला हे कलम कितपत पुरेल? मला हा कायदा ऊसतोड कामगारांसाठी फार तोकडा वाटतो आणि तो बदलायला हवा. तोवर तारीख जाहीर होताच टोळीतल्या सगळ्यांनी मिळून मुकादमाकडून दोन दिवसांची रजा ठरवून घ्यावी. एकट्यादुकट्यानं मागितली तर मिळत नाही.

उमेदवाराची गाडी न्यायला आली तर? मतदाराला केंद्रावर फुकट नेण्या-आणण्यासाठी उमेदवारानं वाहन लावणं हा भ्रष्ट आचार आहे, कलम 123(5). मजुरांनी आपसात पैसे काढून जीप केली तर त्यात काही गैर नाही. मतासाठी पैसे देणं आणि घेणं, दोन्ही भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा आहे, हे वडिलांना आवर्जून सांगा.

केंद्रावर एक अडचण येऊ शकते, ती आत्ताच माहीत असू द्या. नावं यादीत परत आली, पण मतदानाआधी बीएलओ घरी आला तेव्हा ते फडावर असतील, तर अनुपस्थित, स्थलांतरित आणि मृत मतदारांच्या वेगळ्या यादीत, म्हणजे एएसडी यादीत, त्यांचं नाव जाऊ शकतं. ती यादी केंद्राध्यक्षाकडं असते. तिच्यात नाव आहे म्हणून मत नाकारता येत नाही. ओळख जास्त बारकाईनं तपासतात, सहीबरोबर अंगठाही घेतात, आणि मत देऊ देतात. कुणी ‘तुमचं नाव कटलंय’ म्हणून परत पाठवू लागलं तर ‘मूळ यादीत आहे का ते बघा, एएसडीत असलं तरी मत देता येतं’ असं शांतपणे म्हणायला आईला शिकवून ठेवा. ओळखपत्र नसेल तर आधार, रोजगार हमीचं जॉब कार्ड, फोटोचं पासबुक यांपैकी एक चालतं. नुसती मतदार चिठ्ठी चालत नाही. आणि त्यांच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलेलं निघालं तर तसंच परतू नका. प्रदत्त मतपत्रिका, म्हणजे अशा वेळी मिळणारी वेगळी मतपत्रिका, मागा; ती देणं केंद्राध्यक्षावर नियम 49-पी प्रमाणे बंधनकारक आहे.

नमुना 6 चा अर्ज नामंजूर झाला तर लेखी आदेश मागून घ्या. त्या आदेशाविरुद्ध 15 दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, आणि तिथंही नाही झालं तर 30 दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरं. अपिलासाठी वकिलाला द्यायला पैसे नसतील तर बीडच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात आईच्या नावानं अर्ज करा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.