देवाचं ऐकलं आणि बिलच अडकलं

आठवड्यातून दोन दिवस मी नागपूरच्या सदरमधल्या एका चर्चच्या मागच्या खोलीत समुपदेशनाला बसते. तिथे सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न असा, की ताई, देवाचं ऐकून पाऊल टाकलं आणि तेव्हापासून सगळं अडूनच राहिलं, मग ती देवाची इच्छा नव्हतीच का? कोणाचं लग्न असतं, कोणाची नोकरी, कोणाला चर्चच्या सेवेत जायचं असतं, प्रश्न तोच. त्याचं उत्तर एका भाऊंच्या गोष्टीतून सांगते, त्यांना विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

भाऊंचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, कूलरच्या मोटारी, पाण्याचे पंप. नागपुरात पारा ४५ कडे सरकला की जळालेल्या मोटारींची रांग लागते, तोच यांचा सीझन. आले तेव्हा एप्रिल होता आणि ऐन सीझनमध्ये दुकान सोडून ते माझ्यासमोर बसले होते, बोटांना वॉर्निशचे डाग, मांडीवर लांबट हिशेबाची वही. वहिनी दाराजवळच्या खुर्चीत, गप्प.

एका ऑफिसचं मोटार दुरुस्तीचं काम बरीच वर्षं त्यांच्याकडे होतं. बिल काढायचं तर पाकीट द्यावं लागायचं, वहीत त्याला नाव 'चहापाणी'. सप्टेंबरात एका रविवारी उपासनेत बसल्याबसल्या त्यांच्या मनाला ते इतकं लागलं की त्यांनी ठरवलं, आता नाही. आणि तेव्हापासून सात महिने बिल नाही. १ लाख ८० हजार अडकलेले, तांब्याच्या तारेची उधारी चढलेली, त्यात चर्चच्या मंडळीतल्या कोणीतरी सांगितलं की घरात लपलेलं पाप असेल म्हणून आशीर्वाद अडलाय. (असं बोलणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस गप्प बसले होते तेच त्यांचं चांगलं काम होतं, बिघडलं ते तोंड उघडल्यावर.)

"मी देवाचंच तर ऐकून राहिलो होतो ना ताई, मग तो काहून असा करून राहिला?"

मी आधी विचारलं, झोप किती? तर रात्री तीन-तीन वाजेपर्यंत जागे, बीपी कधी तपासलेलं नाही. त्या दिवशी बायबल उघडलं नाही, आधी डॉक्टरकडे जा म्हटलं. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश नाही केला, भाकर दिली, पाणी दिलं, परत झोपू दिलं. थकलेल्या माणसाला देव रागावलेलाच दिसतो.

पुढच्या वेळी आम्ही बायबलमधली योना संदेष्ट्याची गोष्ट वाचली. देवाने सांगितलेल्या गावाच्या उलट दिशेला पळत होता आणि त्याला सगळं कसं पटापट मिळालं बघा, याफो बंदरात गेला तर जहाज तयार, भाडं भरलं आणि बसला. आणि दुसरीकडे प्रेषित पौल, इफिस शहरातून करिंथच्या मंडळीला लिहितो की इथे कामाचं मोठं दार उघडलंय आणि विरोध करणारेही पुष्कळ आहेत, दोन्ही एकाच वाक्यात. म्हणजे वाट मोकळी आहे की अडलेली, यावरून देवाची इच्छा मोजता येत नाही. भाऊ बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसले होते.

मग मी विचारलं, देवाने तुम्हाला नेमकं काय सांगितलं होतं?
म्हणाले, पाकीट देऊ नको.
आणि बिल निघेल असं?
ते थांबले. "ते... मीच धरून चाललो होतो."

माझ्या मते सगळा गुंता इथे होता. आज्ञा एक होती, तिच्याखाली भाऊंनी मनातल्या मनात करार लिहिला होता की मी हे सोडतो, तू ते कर. देवाने आपलं वचन मोडलं असं त्यांना वाटत होतं, पण त्यांनी धरलेलं वचन देवाने दिलेलंच नव्हतं. हे त्यांना सांगताना मला जड गेलं, कारण रात्रभर जागणारा माणूस खोटा नव्हता, त्याची किंमत खरी होती. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांना बायबलचा नवा करार मिळाला तो नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत, १८९५ ला बाप्तिस्मा घेऊन ते ख्रिस्ती झाले आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या. ऐकण्याची किंमत घरातूनच द्यावी लागते कधीकधी.

तेवढ्यात वहिनी पहिल्यांदा बोलल्या. "पाकीट देत होते तेव्हा मला सांगत होते. बंद केलं ते नाही सांगितलं. रात्रभर जागत बसतात, फोन आला की बाहेर जातात, मला वाटलं यांचं काही दुसरंच सुरू आहे."

भाऊ रडले. तिला काळजी नको म्हणून लपवलं म्हणे. मी मग पुढची पंधरा मिनिटं काहीच बोलले नाही, दोघंच बोलत होते.

त्यानंतरचं काम साधं होतं. लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, म्हणजे उद्यम नोंदणी, त्यांची जुनीच होती, ती बिलांसोबत काढली. लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायलाच हवेत असा २००६ चा कायदा आहे, सरकारी पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते. भाऊ बिचकत होते, देवावर सोडलंय तर तक्रार कशी करू? मी म्हटलं, पौलाने कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे, दाद मागितली तेव्हा त्याचा विश्वास कमी झाला नव्हता. लाच न देणं हे ऐकणं आहे आणि हक्काचे पैसे सरळ मार्गाने मागणं हे त्याच्या विरुद्ध नाही. वहिनींनी स्वतःहून पाटल्या काढून दिल्या, गहाण ठेवून तारवाल्याचं अर्धं चुकतं केलं, आणि आता वही त्याच लिहितात.

परवा दोघं येऊन गेले. बिल अजून निघालेलं नाही, पाटल्या अजून गहाणच आहेत, त्या ऑफिसचं काम दुसऱ्याला गेलं. जरीपटक्याकडच्या दोन सोसायट्यांचे पंप मिळालेत, पैसे थोडे पण वेळेवर येतात. झोपेचं विचारलं तर भाऊ नुसते हसले.

वहिनी म्हणाल्या, "आता मलाच झोप नाही लागत ताई, घोरतात किती."