आजीकडे राहतेस की आजीला सहन करतेस?

अगं,

तुझा मेल काल रात्री वाचला. इंग्रजीत लिहिलास ते बरं केलंस, नाहीतर अडचण नक्की कुठं आहे ते मला कळलंच नसतं. तू लिहिलंयस, ‘आय अ‍ॅम पुटिंग अप विथ माय ग्रँडमदर इन वाडी’. तुला म्हणायचंय की बाबांची बदली झाल्यापासून तू बडोद्यात, वाडी भागात आजीकडे राहतेस, पण तुझ्या कंपनीचा इंग्लंडमधला कस्टमर हे वाचेल तर त्याला वाटेल पोरगी बिचारी आजीला कशीबशी सहन करत दिवस काढतेय. आपल्याकडे ‘व्हेअर आर यू पुटिंग अप’ असं सगळेच विचारतात, त्यामुळे त्याला ‘विथ’ जोडलं की ‘हिच्याकडे राहते’ होईल असं वाटणं साहजिकच आहे. गंमत म्हणजे दिवाळीत तू जी वही दाखवलीस ना, पाचशे फ्रेजल व्हर्बवाली, म्हणजे क्रियापदाला अप, ऑफ असली शेपटी जोडून वेगळाच अर्थ होतो ती, त्यात हिरव्या पेनाने स्वच्छ लिहिलेलं मी पाहिलंय, पुट अप विथ म्हणजे सहन करणे. पाठ होतं. तरी वेळेला आलं नाही.

म्हणून म्हणतो, ती वही आता बंद कर. फेकू नको, मेहनत केलीयस, पण बंद कर.

आमच्या ऑफिसात, मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, एक मल्याळी साहेब होते, त्यांना मराठी शिकायची फार हौस, कारण अर्धा अकाउंट्स विभाग दांडिया बाजारातला, म्हणजे मराठी. त्यांनीही अशीच वही केली होती. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत वही माझ्यापुढे टाकून म्हणाले, हे ‘लागणे’ म्हणजे काय ते एकदा सांगून टाका. भूक लागली, आग लागली, नोकरी लागली, डोळा लागला, लग्न लागलं, वेड लागलं, ठेच लागली, आणि आमचा प्यून सुरतेहून आला तर म्हणतो गाडी लागली, मला वाटलं अ‍ॅक्सिडेंट झाला, तर तो उलट्या करत होता. मी काय सांगणार? मलाच त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की आपण किती भयंकर भाषा बोलतो. पण तुला कधी कोणी ‘लागणे’चे पंधरा अर्थ पाठ करून घेतले का? नाही. तू भुकेबरोबर लागणे ऐकलंस, डोळ्याबरोबर ऐकलंस, आणि ते त्याच जोडीने डोक्यात बसलं. ‘गेट’ आणि ‘पुट’ ही इंग्रजांची ‘लागणे’ आहेत, दुसरं काही नाही. सुटं ‘पुट’ उचलून त्याचा अर्थ विचारत बसलीस तर त्या साहेबांसारखं होणार.

आता त्या शेपटीच्या शब्दांबद्दल, अप, ऑफ, ऑन वगैरे. लोक म्हणतात त्यात काही नियमच नाही, तसं अगदी नाहीये. ‘अप’ घे. ईट अप, ड्रिंक अप, यूज अप, टेअर अप. आपण काय म्हणतो? खाऊन टाक, पिऊन टाक, वापरून टाक, फाडून टाक. आपलं ‘टाकणे’ जे काम करतं, म्हणजे काम पुरतं उरकलं, मागे काही उरलं नाही, तेच काम तिथं बऱ्याचदा ‘अप’ करतो. ‘ऑन’ म्हणजे पुष्कळदा आपलं ‘राहणे’, कीप ऑन, कॅरी ऑन, करत रहा, चालू ठेव. ‘ऑफ’मध्ये तुटून बाजूला होणं असतं, कट ऑफ, टेक ऑफ, सेट ऑफ. सगळीकडे हे बसेल असं नाही, ‘गिव्ह अप’ला ‘देऊन टाक’ म्हणशील तर फसशील, पण मराठीवालीला इथं इंग्लिश मिडियमवालीपेक्षा काही कमी नाहीये एवढंच सांगायचंय. अशी क्रियापदाची शेपटी आपण लहानपणापासून हलवतोय.

एक बारीक गोष्ट मात्र पाठच कर कारण ती कानाला लगेच खटकते. ‘पिक अप द फोन’ चालतं, ‘पिक द फोन अप’ पण चालतं, पण फोनच्या जागी ‘इट’ आलं की ते मध्येच बसणार, पिक इट अप. ‘पिक अप इट’ नाही म्हणजे नाही. आणि ‘लुक आफ्टर’ला हे लागू नाही, तिथं लुक आफ्टर हर असंच, मध्ये कोणी घुसत नाही. कुठलं जोडपं फुटतं आणि कुठलं फुटत नाही हे डिक्शनरीच्या उदाहरणात दिसतं, म्हणून अर्थ वाचून पान उलटू नको, खालचं वाक्य वाच.

तुझं दुसरं दुखणं मला मेलभर दिसलं. पोस्टपोन, टॉलरेट, एक्स्टिंग्विश, कमेन्स. सगळं बरोबर, पण वाचताना तलाठ्याची नोटीस वाचल्यासारखं वाटतं. याचं कारण जुनं आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबारात फ्रेंच आली, मागोमाग विद्वानांनी लॅटिन शब्द आणून भरले, आणि साध्या माणसाच्या तोंडी जुनी इंग्रजी तशीच राहिली, आपल्याकडे अर्ज, फिर्याद, वकील हे कचेरीतले शब्द फारसीतून आले त्यातलाच प्रकार. म्हणून तिथं एका गोष्टीला दोन दोन शब्द. नोटीस बोर्डावर सभा स्थगित होते आणि घरी आपण सांगतो मीटिंग पुढं ढकलली, तसं पोस्टपोन आणि पुट ऑफ. आपण इंग्रजी शिकतो पुस्तकातून, त्यामुळे आपल्याला स्थगित आधी येतं आणि ढकलणं येतच नाही. कॉलवर ‘कॅन वी पुट इट ऑफ टिल मंडे’ म्हण, समोरचा सैल होतो. कॉन्ट्रॅक्टच्या कागदात पोस्टपोनच राहू दे.

आणि जे शब्द आपल्याला येतात अशी खात्री असते ना तेच घात करतात. मी नोकरीला नवा असताना एका इंग्रज कस्टमरला जेवताना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, आय पास्ड आउट इन नाइन्टीन एटी एट. त्याने चमचा खाली ठेवला आणि काळजीने विचारलं, पण मग आता तब्येत बरी आहे ना? तिकडे साध्या बोलण्यात पास आउट म्हणजे चक्कर येऊन पडणे, हे मला दोन दिवसांनी खबर पडलं. कॉलेजचं सांगायचं तर ग्रॅज्युएटेड म्हण. तुझ्या काकूचं तर विचारूच नको. लग्न होऊन साताऱ्याहून रावपुऱ्यात आली, चौथ्या दिवशी शेजारच्या बेननी दारातून गुजरातीत विचारलं, नवरां छो? म्हणजे मोकळ्या आहात का. काकू म्हणाली, नाही, ते ऑफिसला गेलेत. बेन म्हणाल्या ठीक आहे, आणि गेल्या. दोघींनाही वाटलं बोलणं नीट झालं. अशा चुका कळतच नाहीत म्हणून वाईट, तुझी आजीवाली निदान मला कळली.

इडियमच्या, म्हणजे वाक्प्रचारांच्या बाबतीत माझं मत जरा वेगळं आहे, क्लासवाले चिडतील. इडियम ऐकायला शिक, बोलायची घाई करू नको. कोणी परका माणूस ‘नाकामागून आली आणि तिखट झाली’ म्हणाला तर आपण हसतो ना, एकच शब्द चुकला तरी सगळं कोसळतं. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्स’ तुला शाळेत शिकवलंय, पण आता रोजच्या बोलण्यात ते फारसं कोणी म्हणत नाही. कामाचे बघ. तू बडोद्याची, क्रिकेटवाले विजय हजारे ज्या संघाकडून खेळले त्या गावची, तुला ‘स्टिकी विकेट’ म्हणजे अवघड जागी सापडणे हे सांगावं लागणार नाही. पण हे अमेरिकन माणसाला म्हटलंस तर कोरा चेहरा करून बघेल, त्यांचे शब्द बेसबॉलचे, ‘बॉलपार्क फिगर’ म्हणजे अंदाजे आकडा, ‘टच बेस’ म्हणजे जरा बोलून घेऊ. आणि एक सांभाळ, मीटिंगमध्ये ‘टेबल’ केलं म्हणजे इंग्लंडात विषय चर्चेला घेतला आणि अमेरिकेत बाजूला ठेवला, बरोबर उलटं. कस्टमर कुठला ते आधी बघ मग मान डोलाव.

मग करायचं काय, तर आठवड्याला तीन. पाचशे नाही, तीन. तुझ्या ऑफिसच्या मेलमध्ये, कॉलवर, कॉमेंट्रीत जे खरोखर कानावर पडलं तेच घ्यायचं, पूर्ण वाक्य लिहायचं, कोण कोणाला म्हणालं ते लिहायचं, आणि खाली आपलं स्वतःचं खरं वाक्य. ‘आय रॅन आउट ऑफ पेट्रोल निअर सुरसागर’ असं, जे तुझ्याबाबतीत झालंय. ‘ही रॅन आउट ऑफ मनी’ असं कोणा ‘ही’चं वाक्य लिहिलंस तर तो ‘ही’ कोण हे तुलाच आठवणार नाही. मराठी अर्थ लिहिलाच पाहिजे असं नाही. मग शनिवारी ते तीन मोठ्याने म्हणायचे, आजीसमोर म्हटलंस तरी चालेल, ती काही मार्क कापत नाही.

उशीर झाला, मराठी मिडियम, हे तू तीनदा लिहिलंयस. १८७५ साली कवळाण्याहून एक १२ वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा बडोद्याच्या गादीवर दत्तक आला तेव्हा त्याला अक्षरओळखसुद्धा नव्हती, आणि त्याला मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी सगळं एकदमच शिकायला बसवलं. तेच सयाजीराव. त्यांना शिकवायला इलियट साहेब होता हे खरं, तुला मी आहे, फरक पडणारच. आणि त्यांच्याच बडोदा कॉलेजात इंग्रजी शिकवणारे अरविंद घोष, लहानपणापासून १४ वर्षं इंग्लंडात काढलेले, इथं येऊन स्वतःची बंगाली शिकत बसले होते. तू तर बावीसची आहेस, पेट्रोल संपतं एवढीच तुझी अडचण.

रविवारी सकाळी ये, सेव उसळ खाऊ, तो मेल परत लिहून आण. ‘आय अ‍ॅम स्टेइंग विथ माय ग्रँडमदर’, बस, एवढं साधं. आजी काल फोनवर विचारत होती पोरीने इंग्रजीत माझ्याबद्दल काय लिहिलंय, मी म्हटलं छान लिहिलंय.

तुझा,
काका