खेपा मोजायची सवय सोड

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

खाणीवरचा टिपर सोडून वेर्ण्याहून लांब रूटची दहा टायरची गाडी घ्यायची म्हणतोस, कधी भिवंडी, कधी बेळगाव-पुणे. चांगलं ठरवलंस. स्टिअरिंग, क्लच, रिव्हर्स यांबद्दल तुला काही सांगायला नको. डिचोली-साखळीकडच्या लाल चिखलात ज्याने पावसाळा काढला, त्याचा हात तयार असतो. मला काळजी आहे ती घाईची. खाणीवर हिशोब खेपेवर असतो. भरला की पळ, ओतला की पळ, संध्याकाळी खेपा मोज. रस्ता तोच, माल तोच आणि रात्री घरी जेवण. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने खाणी थांबल्या, तेव्हा टिपरवरची बरीच माणसं लांब रूटवर गेली आणि ही घाई सोबत घेऊनच गेली. लांब रूटवर तीच घाई ब्रेक जाळते, टायर फोडते आणि झोप मारते. इथे गाडी उभी करून केलेल्या कामाचे वेगळे पैसे मिळत नाहीत, पण गाडी पोचते ती त्याच कामावर.

सगळ्यात आधी घाट, कारण गोव्यातून घाटमाथ्यावर जायला घाट चुकत नाही. अनमोड घे नाहीतर चोर्ला, आपण पायथ्याशी राहतो. त्यातून इथून जाणारा माल पुष्कळदा हलका असतो, औषधांची खोकी, पॅकिंगचा माल. परतीला मात्र सिमेंट, लोखंड, धान्य, भाजी. म्हणजे जाताना हलका चढतोस आणि येताना पूर्ण भरून उतरतोस. दहा टायरच्या गाडीचं मालासकट कायदेशीर वजन २८.५ टनांपर्यंत जातं. तेवढं वजन उतारावर रोखायचं ते एकतर इंजिनाने, नाहीतर ब्रेकच्या लायनरांनी, म्हणजे चाकाच्या ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांनी. लायनरांवर सोपवलंस तर ते तापतात, वरून गुळगुळीत होतात, ड्रम तापून फुगतो आणि पायाखाली तेवढाच दाब असूनही गाडी थांबेनाशी होते. ब्रेक फेल झाला असं लोक म्हणतात त्यातल्या बऱ्याच वेळा ब्रेक जळालेला असतो.

म्हणून उताराच्या तोंडावर, गाडी जवळजवळ उभी असताना गिअर खाली घे. ज्या गिअरमध्ये भरलेली गाडी हा घाट चढली असती, त्याच गिअरमध्ये उतरायचं. शंका असेल तर आणखी एक खालचा. मध्यावर वेग वाढल्यावर गिअर बदलायला गेलास आणि पडला नाही, तर गाडी न्यूट्रलमध्ये सुटली. एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धुराची वाट अडवून इंजिनानेच गाडी रोखणारा ब्रेक, वरून खालपर्यंत चालू ठेव. इंजिनाचे फेरे जितके चढे तितका तो घट्ट धरतो, फक्त फेऱ्यांचा काटा लाल पट्ट्यात जाऊ देऊ नकोस. पायाचा ब्रेक सतत हलका दाबून ठेवू नकोस, त्यानेच लायनर सर्वांत जास्त तापतात. वेग ३० वर गेला की ठाम दाब, २० वर आण, पाय पूर्ण काढ. भराभर पंप करणंही नको, हे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि प्रत्येक दाबाला टाकीतली हवा जाते.

न्यूट्रलमध्ये उतरवून डिझेल वाचवायचा सल्ला तुला पहिल्याच ढाब्यावर मिळेल. तो ऐकू नकोस. आताच्या गाडीत गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर इंजिन डिझेल घेतच नाही. न्यूट्रलमध्ये टाकलीस तर ते स्वतः फिरत राहायला डिझेल घेतं. म्हणजे वाचत काहीच नाही आणि इंजिनाचा आधार जातो. इंजिन बंद करून उतरणारे तर हवेचा कॉम्प्रेसर आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही घालवून बसतात.

जळका वास आला, चाकातून धूर दिसला किंवा पाय नेहमीपेक्षा जास्त दाबावा लागला, तर रुंद जागा बघून थांब. चाकांना लाकडी ठोकळे लाव, गिअरमध्ये ठेव, अर्धा-पाऊण तास थंड होऊ दे. तापलेल्या ड्रमवर पाणी मारू नकोस, तडकतो. निघताना ठोकळे उचल. ठोकळ्याऐवजी दगड लावला असेल तर तो रस्त्यावर टाकून जाऊ नकोस, रात्री मागून येणारा दुचाकीवाला त्यावर जातो. घाट उतरून झाल्यावर प्रत्येक चाकाच्या मधल्या हबजवळ हाताची मागची बाजू धर, टेकवू नकोस. एक ड्रम इतरांहून फार गरम असेल तर तो ब्रेक अडकतो आहे. एक थंडगार असेल तर तो लागतच नाही, त्याचं काम बाकीची चाकं करताहेत. नवशिके फक्त गरम ड्रम शोधतात, थंडाकडे कुणी बघत नाही.

सकाळी गाडी सुरू केल्यावर हवेचा काटा ८ बारच्या आसपास येईपर्यंत हलू नकोस. मग इंजिन बंद करून ब्रेक मिनिटभर दाबून धर. काटा दिसेल इतका उतरत राहिला तर कुठेतरी गळती आहे, कान लावला की सुसू ऐकू येते. हवेच्या टाक्यांच्या तळाची कडी ओढून पाणी काढ. आपल्याकडच्या दमट हवेत ते लवकर साठतं. पाणी फार निघालं तर एअर ड्रायरचं काडतूस संपलं, तेलकट निघालं तर कॉम्प्रेसर तेल फेकतो आहे.

टायरची हवा थंड असतानाच बघ, आणि किती हवी ते टायरचा आकार आणि वजन बघून ठरव, कंपनीचा तक्ता दरवाजाजवळ किंवा पुस्तकात असतो. चालून तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसतो म्हणून हवा सोडलीस, तर थंड झाल्यावर ती कमी पडते. मग टायरची बाजू जास्त वाकते, जास्त तापते आणि फुटते. जोडटायरांच्या मधे अडकलेला दगड काढायचा. जोडीतल्या एकात हवा कमी असली तर बाहेरून कळत नाही, दुसरा सगळं वजन घेऊन चाललेला असतो, म्हणून गेज लावून बघ. चाक बदललं की ५० ते १०० किलोमीटरवर नट पुन्हा आवळ. स्प्रिंगचे पाटेही वाकून बघत जा, मेन पाट्याला चीर गेली तर गंजाची रेघ दिसते.

माल भरताना हमालांवर सोडून चहाला जाऊ नकोस. जड नग पुढच्या फाळक्याला, म्हणजे केबिनमागच्या फळीला टेकून, पण सगळं वजन एका टोकाला नको. मागे जास्त झालं की पुढची चाकं हलकी होतात आणि वळणावर स्टिअरिंग ऐकत नाही. दोऱ्या आणि रॅचेटचे पट्टे सुटल्यापासून पहिल्या ३० ते ४० किलोमीटरवर पुन्हा ताण, माल तोवर बसलेला असतो. औषधांचा माल असेल तर भरण्याआधी ताडपत्री ओढून दिवसाउजेडी हौद्यात उभा राहा आणि वर बघ. जिथून उजेड येतो तिथून पाणी येणार. पावसात दोन ताडपत्र्या, वरची बाजूंनी खाली लोंबती. ओलं खोकं परत आलं तर भरपाई कुणाकडून मागतात ते तुला ठाऊक आहे.

वजनकाट्यावर रिकामी आणि भरलेली, दोन्ही पावत्या जवळ ठेव. जादा वजनाला कायद्याने २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे, शिवाय माल तिथेच उतरवून घेतात. मालक "मी बघतो" म्हणाला तरी घाटात तो तुझ्या शेजारी बसलेला नसतो.

आता झोप. इथे मी थोडा कडक बोलणार. वेर्णा ते भिवंडी साधारण ६०० किलोमीटर धर. भरलेल्या गाडीची सरासरी ताशी ३५ ते ४०, म्हणजे १५ ते १७ तास नुसतं चालवणं. १९६१ च्या मोटर परिवहन कामगार कायद्याने दिवसाचे ८ तास आणि सलग ५ तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती असं ठरवून दिलं होतं. त्या हिशोबाने एकट्या ड्रायव्हरचं हे दोन दिवसांचं काम आहे. ई-वे बिल, म्हणजे माल नेण्यासाठी लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद, तोसुद्धा दर २०० किलोमीटरला एक दिवस देतो, म्हणजे या मालाला सरकारी कागदच तीन दिवस देतो. "उद्या सकाळी पोच" असं कुणी म्हटलं तर दुसरा ड्रायव्हर माग, नाहीतर नाही म्हण. पहिलं भाडं गेलं तरी चालेल.

पहाटे २ ते ५ आणि दुपारी जेवणानंतर अंग आपोआप सुस्तावतं, मन कितीही घट्ट असलं तरी. डोळ्यांची उघडझाप वाढली, मागचा गाव कधी गेला आठवत नाही, गाडी कडेच्या पट्टीवर जाऊन पुन्हा आत येते, ही झोप आल्याचीच लक्षणं. ६० च्या वेगात ३ सेकंद डोळा लागला तर गाडी ५० मीटर आंधळी जाते. चहा, गुटखा, मोठ्याने गाणी यांनी झोप जात नाही, फक्त कळेनाशी होते. थांबून २० मिनिटं डोळे मिट, मग ५ मिनिटं खाली उतरून चाल. आणि लघवी दाबून ठेवू नकोस, ती टाळायला पाणी कमी पिणं तर नकोच. या धंद्यात मूतखडे आणि कंबरदुखी दोन्ही लवकर येतात.

भिवंडीकडे जाताना एक पर्याय लक्षात ठेव. कोकण रेल्वेची रो-रो १९९९ पासून आहे. ट्रक वेर्ण्याला वाघिणीवर चढतो आणि कोलाडला उतरतो. तू केबिनमध्येच असतोस आणि झोप मिळते. टायर, डिझेल आणि महामार्गाचं काम रेंगाळलेल्या पट्ट्यांतले खड्डे वाचतात. मालकाला दोन्ही खर्च कागदावर मांडून दाखव. चढवण्याआधी ताडपत्रीसकट उंची मोजून घे, हँडब्रेक आणि गिअर लाव, साखळ्या स्वतः बघ. आणि वाघिणीवर असताना ताडपत्री नीट करायला मालावर कधीही चढू नकोस. वर २५,००० व्होल्टची तार आहे, ती हात लागण्याआधीच ओढते.

बीएस-६ गाडीत, म्हणजे धुराच्या नव्या नियमांच्या गाडीत, डिझेलबरोबर धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या द्रावणाची टाकी असते. १०० लिटर डिझेलमागे साधारण ५ लिटरच्या आसपास लागतो. सीलबंद कॅनच घे, रस्त्याकडेचा सुटा नको. भेसळीने नोझल बंद पडतो, दिवा लागतो आणि काही वेळाने इंजिनाची ताकद कमी केली जाते, तीही नेमकी चढावर. डिझेल चुकून त्या टाकीत पडलं तर चावीसुद्धा फिरवू नकोस, आधी टाकी रिकामी करवून घे.

कागदांचं थोडक्यात. आरसी, फिटनेस, विमा, परमिट, पीयूसी, बिल्टी (ट्रान्सपोर्टची मालपावती), मालाचं चलन आणि ई-वे बिल एका फाइलमध्ये आणि मोबाइलवरही. वाटेत गाडी बदलली तर ई-वे बिलाच्या भाग ब मध्ये नवा नंबर टाकून घेतल्याशिवाय हलायचं नाही. उशीर झाला तर मुदत संपण्याच्या ८ तास आधी किंवा नंतरच ती वाढवता येते. पोच पावतीवर सही, शिक्का आणि गाडी पोचल्याची वेळ घे. हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी अडकवून ठेवल्याचे पैसे त्या वेळेवरच मिळतात. वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची हमाली), टोल, पंक्चर, डिझेल सगळं रोज वहीत. आठवड्याने आठवून लिहिलेला हिशोब तुझ्याच अंगावर येतो.

आणि बाटली. पेडण्याचा शेजारी, मालकाचा पाहुणा, कुणीही "एवढी खोकी बांद्याला दे" म्हणेल, म्हणजे हद्दीपलीकडे महाराष्ट्रात. गोव्याची दारू परवान्याशिवाय हद्दीपार नेणं गुन्हा आहे. पत्रादेवी ओलांडली की इन्सुलीला उत्पादन शुल्कवाले आणि पोळ्याच्या पुढे माजाळीला कर्नाटकवाले तपासतात. सापडली तर गाडी मालासकट जप्त होते, नाव तुझं लागतं, देणाऱ्याचं नाही. बंद पार्सल तर कुणाचंच घेऊ नकोस.

चवथीच्या आधी आणि विसर्जनाच्या दिवसांत महाराष्ट्र सरकार मुंबई-गोवा महामार्गावर जड गाड्यांना बंदी घालतं, तारखा दर वर्षी वेगळ्या. पावसात दरड आली की घाटही बंद होतात. भाडं घेण्याआधी त्या दिवशी रस्ता खुला आहे ना, हे पोलिसांकडून किंवा तिकडून नुकत्याच आलेल्या ड्रायव्हरकडून विचार.

पहिल्या काही फेऱ्या जाणत्या ड्रायव्हरबरोबर कर. बेळगावला माल भरायला रात्र झाली तर तिथेच झोप, अनमोड रात्री उतरायला घेऊ नकोस. सकाळी उजाडल्यावर खानापूर सोड. रामनगरला थांबून दोऱ्या, टायर, हवेचा काटा बघ, मग घाटाच्या तोंडावर गिअर खाली घे. घाटाखाली मोल्याला पोचलास की सगळे हब तपास, कोणता गरम आणि कोणता थंड ते वहीत लिही, आणि मला फोन करून सांग.