पहिल्यांदा दगड शोधायला येताय? मग एवढं ऐका

रविवारी निपाणीकडे येताय ना, या बिनधास्त. फक्त जीवाश्माची आस धरू नका. आपल्याकडचा काळा दगड म्हणजे साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा; त्यात शंख-शिंपले कुठून येणार? पण त्या लाव्हातल्या वायूच्या पोकळ्यांत पुढे गारगोटी, अकीक, स्फटिक भरले. आपण शोधायचे ते हेच.

नवीन माणूस दिसेल तो गोटा फोडत सुटतो. मीही फोडले, तेही सुताराच्या हातोडीनं. कपची उडून भुवईला लागली, डोळा थोडक्यात वाचला. म्हणून गॉगल हवाच, आणि चपला घालून येऊ नका.

आधी गोटा हातात तोला. त्याच मापाच्या दुसऱ्यापेक्षा हलका लागला, तर आत पोकळी असू शकते. नांगरलेलं रान आणि ओढ्याचं पात्र बघा, पावसानं धुतलेले गोटे आयते मिळतात. शेतात शिरण्याआधी मालकाला विचारायचं, खाणीच्या कड्याखाली मुळीच उभं राहायचं नाही.

सापडलेला प्रत्येक नमुना वर्तमानपत्रात गुंडाळा, आत गाव आणि तारखेची चिठ्ठी. हे सगळेच विसरतात, मग घरी नुसता दगडांचा ढीग.

खनिजांची नावं नंतर बघू.