बास गिटारची लाकडी नेक काढून ग्राफाइटची बसवावी का?

तुमच्या प्रश्नात दोन तक्रारी एकत्र आल्या आहेत. तुमच्या चार तारांच्या जॅझ बासची नेक, म्हणजे तारा जिच्यावर दाबतो ती लांब दांडी, दर पावसाळ्यात वाकते, आणि ‘जी’ (G) या सर्वांत बारीक तारेवर पाचव्या फ्रेटचा (नेकवरच्या पाचव्या आडव्या धातूच्या पट्टीचा) स्वर वाजवला की तो लगेच विझतो. या दोन्हींवर उपाय म्हणून ग्राफाइटची नेक बसवावी का, असे तुम्ही विचारले आहे. मी पुण्यातच राहतो, हा बदल माझ्या एका बासवर काही वर्षांपूर्वी केला आहे आणि दुसऱ्या बासवर विचारपूर्वक टाळला आहे. त्या अनुभवावरून सांगतो: दुसरी तक्रार खरोखर नेकमुळे असेल तर बदल जरूर करावा, केवळ पहिलीसाठी एवढा खर्च करू नये.

पुण्याची हवा लाकडाचे काय करते, हे जुन्या वाड्यात राहिलेल्यांना सांगायला नको. एप्रिलच्या दुपारी आर्द्रता २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरते आणि जुलै-ऑगस्टमध्ये ती ८० टक्क्यांच्याही वर जाते. ज्या कारणाने पावसाळ्यात दार चौकटीत अडकते, त्याच कारणाने मेपलची नेक आणि तिच्यावर चिकटवलेला रोझवुडचा फ्रेटबोर्ड ओलावा शोषून फुगतात. परंतु दोन्ही लाकडे सारखी फुगत नाहीत आणि त्यात चार तारांचा मिळून सत्तर-ऐंशी किलोंचा ताण सतत असतो, म्हणून नेकचा बाक बदलतो. मात्र नेकच्या आत बसवलेला ट्रस रॉड, म्हणजे फिरवून बाक कमी-जास्त करता येणारा धातूचा दांडा, याच कामासाठी दिलेला असतो. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरावी आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांत किती फट राहते ते पाहावे. व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी, म्हणजे साधारण ०.३ मिलिमीटर फट योग्य समजावी. कमी-जास्त असेल तर रॉड एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक न फिरवता दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे. वर्षातून दोनदा, जूनच्या अखेरीस आणि दिवाळीनंतर, एवढे केले की बहुतेक बास गिटारी सुतासारख्या सरळ वागतात. तबलावादक पावसाळ्यात उतरलेल्या पुडीची रोज समजूत काढतात. त्या मानाने आपले काम सोपे आहे.

विझणाऱ्या स्वराचे प्रकरण वेगळे आहे. बोल्टने जोडलेल्या लांब नेकच्या बास गिटारींत ‘जी’ (G) तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास हा दोष वारंवार आढळतो. नेकला स्वतःची एक कंपनसंख्या असते आणि तारेचा एखादा स्वर तिच्या जवळ आला की तारेची ऊर्जा नेक हलवण्यात खर्च होते. तार लवकर थांबते. हा दोष नेकचाच आहे का, हे पाहण्याची पद्धत सोपी आहे: खुंट्यांकडच्या टोकाला एखादा लहान, जड क्लॅम्प मऊ कापड मध्ये घालून लावावा आणि त्या तारेवरचे स्वर एकेक करून पुन्हा वाजवावेत. स्वर विझण्याची जागा सरकून वेगळ्या फ्रेटवर गेली, तर दोष नेकच्या कंपनाचा आहे. न सरकल्यास आधी तो फ्रेट झिजला किंवा उचलला आहे का, तार जुनी आहे का, हे पाहावे. त्यासाठी नेक बदलणे म्हणजे रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

ज्याला आपण ग्राफाइट म्हणतो ते वास्तविक इपॉक्सी रेझिनमध्ये बसवलेले कार्बनचे तंतू असतात. तंतूंच्या दिशेने हे मिश्रण मेपलच्या अनेक पटींनी ताठ असते. त्यामुळे नेकची कंपनसंख्या वर सरकते आणि खालच्या पट्टीतले स्वर तिच्या तावडीतून सुटतात. ओलावा ते जवळजवळ शोषतच नाही. अवकाश उद्योगातून आलेल्या जेफ गूल्ड यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियात अलेम्बिक या गिटार बनवणाऱ्या कंपनीबरोबर अशा नेक घडवल्या आणि पुढे मोड्युलस ही कंपनी काढली. इंग्लंडमध्ये रॉब ग्रीन यांच्या स्टेटस कंपनीने हेच काम केले.

आता बसवण्याविषयी, कारण खरी परीक्षा तिथे आहे. जॅझ बास बनवणाऱ्या फेंडर कंपनीच्या मापात बासच्या नेकची टाच, म्हणजे बासच्या धडातील खोबणीत बसणारे टोक, सुमारे ६३.५ मिलिमीटर रुंद असते, परंतु स्वस्त प्रतिकृतींत अर्ध्या-एक मिलिमीटरचा फरक सहज सापडतो. माझ्या बासची खोबण अशीच अरुंद निघाली. अशा वेळी खोबण घासावी, नेक नव्हे. लाकूड पुन्हा भरता येते, कार्बन नाही. मागवण्यापूर्वी नटपासून (खुंट्यांजवळ तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीपासून) बाराव्या फ्रेटपर्यंतचे अंतर मोजावे. ते १७ इंच असेल तर तुमच्या बासचे स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, नेहमीचे ३४ इंचांचे आहे. त्याशिवाय टाचेच्या टोकाचा आकार, खुंट्यांच्या भोकांचा व्यास आणि चार स्क्रूंमधील अंतरे कागदावर उतरवून विक्रेत्याला पाठवावीत. नेकला भोके आधीच पाडलेली नसतील तर नेक क्लॅम्पने धरून, फक्त कडेच्या दोन तारा हलक्या ताणून, त्या फ्रेटबोर्डाच्या दोन्ही काठांपासून सारख्या अंतरावर पडतात याची खात्री झाल्यावरच ड्रिल हातात घ्यावे. कार्बनची धूळ फुंकून उडवू नये. ती फुप्फुसाला आणि त्वचेला त्रास देते, शिवाय तिच्यातून वीज वाहते, त्यामुळे पिकअप (तारेचे कंपन टिपणारे विद्युत भाग) आणि वायरिंगवर ती बसली तर शॉर्ट होऊ शकते. मास्क लावावा, धडातल्या वायरिंगच्या पोकळ्या टेपने झाकाव्यात आणि व्हॅक्यूम जवळ ठेवावा.

माझी एक चूक तुम्ही टाळावी. मी घेतलेल्या नेकमध्ये ट्रस रॉड नाही. "ही वाकतच नाही, मग रॉड कशाला" हा युक्तिवाद मला तेव्हा पटला होता. ४५ ते १०५ जाडीच्या (इंचाच्या हजाराव्या भागांत) तारांच्या संचावर ती उत्तम वाजते. मी ४०-१००चा हलका संच लावला तेव्हा ताण कमी होऊन ती जवळपास सरळ झाली, तारा फ्रेटवर खरखरू लागल्या आणि दुरुस्त करायला काही साधनच नव्हते. म्हणून रॉड असलेलीच नेक मागवावी.

आवाज बदलतो, हे गृहीत धरावे. प्रत्येक स्वर सारखा ठळक आणि लांब ऐकू येतो, वरची धार वाढते. स्लॅपसाठी, म्हणजे अंगठ्याने तारेवर आघात करून वाजवण्यासाठी, मला तो फार आवडतो, परंतु जुन्या हिंदी-मराठी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात जो गोल, थोडा दबलेला ठेका लागतो तो या नेकमधून काढताना टोन कंट्रोल बराच खाली आणावा लागतो. सूर कधीच हलणार नाही, अशीही अपेक्षा ठेवू नये. तारा पोलादाच्याच आहेत. बाहेरच्या उन्हातून बालगंधर्व रंगमंदिराच्या थंड हवेत शिरल्यावर त्या आकसतात आणि सूर चढतो, नेक कशाचीही असो.

दुसऱ्या बासवर मी हा बदल केला नाही, कारण तिच्यात विझणारा स्वर नाही आणि कस्टम ड्यूटी धरून नवी नेक त्या बासपेक्षाही महाग पडली असती. लाकडाचीच पण अधिक स्थिर नेक हवी असल्यास भाजलेल्या मेपलची किंवा आत कार्बनच्या पट्ट्या घातलेली नेक हा मधला मार्ग आहे. बदल केलाच, तर काढलेली नेक विकू नये: तारांचा ताण गेल्यावर रॉड तिला मागे वाकवत राहतो, म्हणून तो सैल करून ती कापडात गुंडाळावी आणि भिंतीला न टेकवता कपाटात आडवी ठेवावी.